ग्लायसिन हवंय की मॅग्नेशियम ग्लायसिनेट?

झोपेसाठी ग्लायसिन घ्यायचं ठरवून मॅग्नेशियम ग्लायसिनेटचा डबा घरी आणणारे बरेच असतात. नावं सख्ख्या भावंडांसारखी, काम मात्र वेगळं.

ग्लायसिन हे सगळ्यात साधं अमिनो आम्ल. पांढरी पावडर, चवीला चक्क गोड. शरीर ते स्वतः बनवतं, शिवाय पाया सूपमधल्या जिलेटिनातही ते भरपूर असतं. जपानमधल्या छोट्या चाचण्यांत झोपण्याआधी ३ ग्रॅम घेणाऱ्यांनी झोप बरी लागल्याचं आणि सकाळी कमी थकवा वाटल्याचं सांगितलं. चाचण्या छोट्या होत्या, त्यामुळे फार हुरळून जाऊ नये. पण त्यामागची क्रिया मोठी मजेदार आहे. उंदरांवरच्या प्रयोगांत ग्लायसिनने त्वचेकडचा रक्तप्रवाह वाढला, उष्णता बाहेर पडली आणि शरीराच्या आतलं तापमान उतरलं. आपल्याला रोज झोप लागताना नेमकं हेच होत असतं.

मॅग्नेशियम ग्लायसिनेटमध्ये मॅग्नेशियमच्या एका अणूला ग्लायसिनचे दोन रेणू जोडलेले असतात. वजनात मॅग्नेशियम फक्त १४ टक्क्यांच्या आसपास, पण लोक ते घेतात मॅग्नेशियमसाठीच, कारण मॅग्नेशियम ऑक्साइडइतकं ते पोट ढिलं करत नाही.

मग बाकीचं ग्लायसिनच की! म्हणजे एका दगडात दोन पक्षी? हिशेब करून बघा. २०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम मिळेल एवढं ग्लायसिनेट घेतलं, तर सोबत ग्लायसिन येतं जेमतेम सव्वा ग्रॅम. त्यातूनच ३ ग्रॅम गाठायचं म्हटलं तर मॅग्नेशियम ४८० मिलिग्रॅमच्या पुढे जातं. अमेरिकेत सप्लिमेंटमधून घ्यायच्या मॅग्नेशियमची प्रौढांसाठीची वरची मर्यादा ३५० मिलिग्रॅम आहे. ती ओलांडली की जुलाबाची शक्यता वाढते.

डब्यावर पुढे ठळक छापलेला १००० मिलिग्रॅम हा आकडा बहुधा पूर्ण संयुगाचा असतो. मागे ‘एलिमेंटल मॅग्नेशियम’, म्हणजे निव्वळ मॅग्नेशियम, किती ते वाचा. १४० च्या आसपास असेल तर ठीक. बराच जास्त दिसला, तर त्यात स्वस्तातलं ऑक्साइड मिसळलेलं असू शकतं. ‘बफर्ड’ लिहितात ते हेच.

मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मॅग्नेशियम डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. थायरॉइडची गोळी चालू असेल तर ती आणि मॅग्नेशियम यांत चार तासांचं अंतर ठेवा. क्लोझापिन हे स्किझोफ्रेनियावरचं औषध घेणाऱ्यांनी ग्लायसिनची पावडरही परस्पर सुरू करू नये.