बोबडे बोल (खानदेश)

बोबडे बोल : साधारण एक ते चार वर्षांच्या मुलाचे, उच्चार पुरते न बसलेले बोलणे. दीड-दोन महिन्यांचे हुंकार आणि सहाव्या ते दहाव्या महिन्यातली ‘बाबाबा’, ‘ददद’ अशी अक्षरमाळ यांनाही घरोघरी हेच नाव आहे; येथे ती अवस्था वेगळी धरली आहे. ‘बोबडा’ हा शब्द ध्वन्यनुकरणातून आला असावा. मोठी माणसे बाळाशी मुद्दाम जे बोलतात (मंमं, भुर्र, जोजो) तेही निराळे. १९६४ मध्ये अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स फर्ग्युसन यांनी मोठ्यांच्या या बोलण्याची सहा भाषांत तुलना केली. त्यांत मराठी होती, आणि त्याच वर्षी अशोक केळकर यांनी मराठीपुरता स्वतंत्र लेख लिहिला.

ओठांचे वर्ण (प, ब, म) आधी आणि र, ळ, ण उशिरा, हा क्रम ढोबळमानाने सगळीकडे सापडतो. ‘राम’चा ‘लाम’, ‘काका’चा ‘ताता’ होतो. भाषाशास्त्रज्ञ रोमान याकोब्सन यांनी १९४१ मध्ये अक्षरमाळ आणि खरे बोलणे यांत खंड मानला होता. पुढच्या ध्वनिमुद्रणांत मात्र बाळाच्या अक्षरमाळेतले आवडते ध्वनीच त्याच्या पहिल्या शब्दांत उतरलेले दिसले. आज कल या दुसऱ्या मताकडे आहे.

खानदेशात प्रश्न वेगळाच उभा राहतो : बोबडे म्हणायचे कशाला? अहिराणीत (खानदेशी) आणि लेवा पाटीदार समाजाच्या लेवा गणबोलीत प्रमाण मराठीतल्या ‘ळ’च्या जागी बहुधा ‘य’ आणि ‘ण’च्या जागी ‘न’ येतो. डोळा म्हणजे डोया, केळी म्हणजे केयी, जळगाव म्हणजे जयगाव. ओट्यावर बसलेली आजी नातवाला विचारते, ‘डोया कोठे शे?’ आणि दोन वर्षांचे पोर पापणीवर बोट टेकवून ‘डोया’ म्हणते. त्यात बोबडेपणा काहीच नाही. ते घरातल्या मोठ्यांइतकेच नेमके बोलले. पुण्याचे मूल त्या वयात ‘डोला’ म्हणते आणि ‘ळ’ला पोचायला त्याला आणखी वेळ लागतो. खानदेशी मुलापुढे ही पायरी घरात येतच नाही, ती अंगणवाडीत किंवा शाळेत येते. ‘माळ’ आणि ‘माय’ यांचा उच्चार एक झाला तरी त्याचे अडत नाही, संदर्भ पुरतो.

हा ‘य’ आला कोठून, याविषयी एकमत नाही. भाषाशास्त्रज्ञ जॉर्ज ग्रियर्सन यांनी भारताच्या भाषिक सर्वेक्षणाच्या १९०७ च्या खंडात खानदेशीला भिल्ली गटाबरोबर ठेवले. ‘शे’ (म्हणजे ‘आहे’, गुजराती ‘छे’) आणि ‘ना-नी’ हे षष्ठीचे प्रत्यय पाहता त्याला आधार आहे. जनगणनाही खानदेशी मराठीपासून वेगळी मोजते (२०११ मध्ये सुमारे १८.६ लाख भाषक). बरेच मराठी अभ्यासक मात्र तिला मराठीची बोली मानतात. ‘ळ’पुरते बोलायचे तर गुजरातीकडे बोट दाखवणे टिकत नाही, कारण गुजरातीत ‘ळ’ ठणठणीत आहे. उलट शेजारच्या वऱ्हाडीतही ‘ळ’चा ‘य’ होतो. तेव्हा हा तापी-पूर्णा खोऱ्यातला स्वतंत्र बदल मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

मुलाचा कान तोंडाच्या पुष्कळ आधी घडतो. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या मानसशास्त्रज्ञांच्या १९८४ च्या प्रयोगात इंग्रजी घरांतल्या सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतल्या त-टमधला फरक कळत होता. दहा-बारा महिन्यांच्या बाळांत ही क्षमता बरीच ओसरलेली आढळली. ‘ळ’ला हा न्याय जसाच्या तसा लावता येणार नाही, कारण प्रमाण मराठी टीव्हीवरून आणि पाहुण्यांच्या तोंडून खानदेशी घरात येतच असते.

म्हणून मुलाचे बोलणे तपासताना ‘पानी’, ‘डोया’ यांवर चुकीची खूण करू नये. पाहायच्या गोष्टी दुसऱ्या आहेत. दहा-अकरा महिन्यांपर्यंत अक्षरमाळच आली नाही तर आधी कानाची तपासणी करावी, कारण कर्णबधिर बाळांत ती उशिरा येते. दीड वर्षापर्यंत एकही शब्द नसेल किंवा दोन वर्षांपर्यंत दोन शब्दांची जोड नसेल, तर डॉक्टरांना दाखवणे बरे. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात श्रवणदोष आणि विकासातला विलंब या दोहोंची तपासणी आहे. सातपुड्यात, अक्राणी-अक्कलकुवा भागात, मूल भिल्ली किंवा पावरी बोलत अंगणवाडीत येते. तेथे तपासणाऱ्याला घरची बोली कळणे आणखी गरजेचे.

बोलायला उशीर होणाऱ्या मुलाच्या जिभेला सहाणेवर उगाळलेले वेखंड मधातून लावण्याचा उपाय जुना आहे. वेखंडाने बोलणे लवकर येते याला पुरावा नाही. आणि बोटुलिझमच्या (जिवाणूच्या विषाने स्नायू लुळे पडण्याच्या आजाराच्या) धोक्यामुळे वर्षाखालच्या बाळाला मध, चाटणापुरताही, देऊ नये असे बालरोगतज्ज्ञ सांगतात.