चौदाव्या वर्षी तुम्ही काय खात होता?

1998 साली अमेरिकेतल्या हजारो नर्सेसच्या हाती एक लांबलचक प्रश्नावली पडली. तुम्ही शाळेत असताना, म्हणजे तेरा ते अठरा वर्षांच्या वयात, काय खात होता? दूध किती, फळं कोणती, मांस आठवड्यातून किती वेळा? उत्तरं देणाऱ्या बायका तेव्हा 33 ते 52 वर्षांच्या होत्या. काही जणींच्या आयांनाही, मुलगी त्या वयात काय खायची, असं वेगळं विचारून उत्तरांचा ताळा पाहिला गेला.

या नर्सेसच्या आरोग्याचा मागोवा 1989 पासून घेतला जात होता. सुरुवातीला त्या 1 लाख 16 हजारांहून अधिक होत्या. त्यांतल्या सुमारे 44 हजार जणींच्या शाळकरी वयातल्या आहाराची माहिती हाती आली आणि पुढे कोणाला स्तनाचा कर्करोग झाला, कोणाला नाही, हे वर्षानुवर्षं नोंदलं गेलं. हार्वर्डच्या मरियम फरविद, वॉल्टर विलेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 मध्ये निष्कर्ष मांडले. किशोरवयात ज्यांच्या खाण्यात तंतुमय पदार्थ सर्वांत जास्त होते, त्यांच्यात स्तनाच्या कर्करोगाचं प्रमाण सर्वांत कमी खाणाऱ्यांपेक्षा 16 टक्क्यांनी कमी होतं. पाळी जाण्याआधी होणाऱ्या कर्करोगात हा फरक 24 टक्के होता. त्याच वर्षी फळांचाही हिशोब आला. त्या वयात रोज साधारण तीन वाट्या फळं खाणाऱ्यांमध्ये हे प्रमाण अर्धी वाटी खाणाऱ्यांपेक्षा 25 टक्क्यांनी कमी. फळांच्या रसाचा मात्र असा काहीच संबंध दिसला नाही.

इंदुरात बसून हे वाचताना मला आपल्या घरांतल्या मुली दिसतात. सकाळी शाळा, दुपारी भंवरकुआंच्या बाजूला कोचिंग, मधल्या वेळात ठेल्यावरचे पोहे आणि वर भरपूर सेव, संध्याकाळी कचोरी नाहीतर नूडल्स. तिला मार्क किती पडले हे घरातल्या प्रत्येकाला पाठ असतं, आणि दिवसभरात तिच्या पोटात एक तरी फळ गेलं का, हे कोणी विचारत नाही. भारतात बायकांना होणाऱ्या कर्करोगांत स्तनाचा कर्करोग पहिल्या क्रमांकावर आहे; 2022 मध्ये सुमारे 1 लाख 92 हजार नवे रुग्ण असल्याचा अंदाज आहे. आपल्याकडे निदानाच्या वेळचं वय पाश्चात्त्य देशांपेक्षा बरंच कमी असतं. आपली लोकसंख्याच तरुण आहे, हे त्यामागचं एक कारण. पण ज्या घरात चाळिशीतली आई आजारी पडते, त्या घराला या कारणाचा काय दिलासा?

आता मूळ प्रश्न. कर्करोग होतो पंचेचाळिशी-पन्नाशीत, मग चौदाव्या वर्षाच्या जेवणाचा त्याच्याशी संबंध काय?

जन्मतः मुलीच्या स्तनात दुधाच्या नलिकांचं अगदी प्राथमिक जाळं असतं. पाळी सुरू होण्याच्या सुमारास इस्ट्रोजेन हे स्तनाच्या पेशींना वाढायला लावणारं संप्रेरक वाढतं आणि हे जाळं झपाट्यानं पसरू लागतं. नलिकांच्या टोकांशी, झाडाच्या फांदीच्या शेंड्याला कोवळे कोंब असावेत तसे, वेगानं विभागणाऱ्या पेशींचे पुंजके असतात. त्यांतूनच पुढे दूध तयार करणारे खंड बनतात. पण या पेशी पूर्णपणे परिपक्व होतात त्या पहिल्या पूर्ण दिवसांच्या गर्भारपणात. तोवर त्यांची वाढ अर्धवट असते आणि पेशी जितक्या वेगानं विभागतात, तितकी जनुकांत चूक होण्याची आणि ती दुरुस्त न होता पुढच्या पेशींत उतरण्याची शक्यता जास्त.

हे नुसतं तर्काचं काम नाही. हिरोशिमा आणि नागासाकीच्या अणुस्फोटांतून वाचलेल्या स्त्रियांचा अभ्यास दशकानुदशकं चालला. किरणोत्साराचा मारा ज्यांच्यावर विशीच्या आत झाला होता, त्यांच्यात पुढे स्तनाच्या कर्करोगाचा धोका सर्वांत जास्त वाढला. तोच मारा चाळिशी उलटलेल्या बायकांवर झाला तेव्हा परिणाम कितीतरी कमी होता. हॉजकिन लिम्फोमा या लसिका ग्रंथींच्या कर्करोगासाठी किशोरवयात छातीवर रेडिएशन घेतलेल्या मुलींमध्येही पुढे हेच दिसलं. तेच ऊतक, तोच घाव, आणि वयानुसार परिणाम वेगळा. स्तनाच्या ऊतकासाठी पहिली पाळी ते पहिलं मूल हा काळ सर्वांत नाजूक असतो, हे त्यावरून कळतं.

माझ्या दृष्टीनं या सगळ्या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट इथेच आहे, कारण हा काळ आपल्या डोळ्यांदेखत लांबत चालला आहे. आजीला चौदाव्या-पंधराव्या वर्षी पाळी आली असेल आणि विशीच्या आत पहिलं मूल झालं असेल, तर तिच्यासाठी तो पाच-सहा वर्षांचा होता. नातीला अकराव्या-बाराव्या वर्षी पाळी येते आणि मूल तिशीत होतं. म्हणजे अठरा-वीस वर्षं. पाळी एक वर्ष लवकर आली की स्तनाच्या कर्करोगाचा धोका साधारण 5 टक्क्यांनी वाढतो, हे 117 अभ्यासांची माहिती एकत्र करून 2012 मध्ये मांडलं गेलं आहे. नातीनं आजीसारखं लवकर लग्न करावं, असं कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. ती शिकते आहे, कमावते आहे, ते चांगलंच आहे. त्या लांबलेल्या वर्षांत तिच्या ताटात काय पडतं, एवढं मात्र आपल्या हातात आहे.

तंतूंचं काम कसं चालतं? वापरून झालेलं इस्ट्रोजेन यकृत पित्तावाटे आतड्यात सोडतं. तिथले काही जिवाणू त्याला पुन्हा मोकळं करतात आणि ते आतड्यातून परत रक्तात शिरतं. खाण्यात तंतू भरपूर असले की बरंचसं इस्ट्रोजेन शौचावाटे बाहेर जातं. शिवाय रक्तातली साखर सावकाश चढते, इन्सुलिनला उसळी मारावी लागत नाही. 100 ग्रॅम मैद्यात तंतू 3 ग्रॅमही नसतात; कणकेत सुमारे 11, ज्वारीत 10, आणि अख्ख्या हरभऱ्यात तब्बल 25. म्हणजे मैद्याच्या कचोरीऐवजी भिजवलेल्या हरभऱ्यांची उसळ आणि एक पेरू, एवढ्यानं डब्याचा हिशोबच बदलतो. भुट्ट्याचा कीस आणि हिवाळ्यातला गराडू हा तळलेला कंदही मला मैद्यापेक्षा कधीही चालेल, तेल बेतानं असेल तर.

आणि सोयाबीन! माळवा म्हणजे सोयाबीनचा मुलूख, सोयाबीनवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था इंदुरातच. शांघायमध्ये 73 हजार स्त्रियांचा मोठा अभ्यास झाला. किशोरवयात आणि पुढेही ज्या नेमानं सोयाचे पदार्थ खात आल्या होत्या, त्यांच्यात पाळी जाण्याआधीच्या स्तनाच्या कर्करोगाचं प्रमाण ठळकपणे कमी आढळलं. सोयातली आयसोफ्लेव्होन ही द्रव्यं इस्ट्रोजेनसारखीच दिसतात, पण फार सौम्य असतात. इस्ट्रोजेनशी असलेल्या त्या साम्यामुळे काही आया मुलींना सोया द्यायला घाबरतात. नेहमीच्या जेवणातल्या सोयाबद्दल ही भीती नको. खंत वेगळ्याच गोष्टीची वाटते. आपल्या शेतातल्या सोयाबीनचं तेल आपल्या कढईत येतं आणि पेंड मुख्यतः कोंबड्यांच्या खाद्यात किंवा परदेशी जाते. आयसोफ्लेव्होन तेलात जवळजवळ उतरतच नाहीत, ती पेंडीतच राहतात. मैद्याची कचोरी सोयाच्या तेलात तळली, म्हणजे सोया खाल्लं असं होत नाही. सोयावडी, सोयाचं दूध, टोफू, किंवा भिजवून नीट शिजवलेले दाणे खावे लागतात. कच्च्या दाण्यात प्रथिनांच्या पचनाला अडवणारी द्रव्यं असतात, म्हणून शिजवणं आवश्यकच.

आकडे मात्र नीट समजून घ्यायला हवेत. 16 टक्के कमी म्हणजे शंभरातल्या सोळा जणी वाचल्या असं नव्हे. ढोबळ हिशोब करू. हजार बायकांपैकी 35 जणींना आयुष्यात हा आजार होणार असेल, तर 16 टक्के घट म्हणजे सुमारे 29. हजारात सहा घरं. मला हा आकडा लहान वाटत नाही, पण तो हमीही देत नाही. हे सगळे अभ्यास निरीक्षणाचे आहेत. भरपूर फळं खाणारी मुलगी इतरही बाबतींत वेगळी असू शकते. संशोधक हिशोबात तेवढी दुरुस्ती करतात, पण कार्यकारणभाव त्यानं पक्का सिद्ध होत नाही. आणि ज्या घरात आई, मावशी, आजी यांना हा आजार झाला आहे, तिथे पेरूच्या भरवशावर न राहता डॉक्टरांशी लवकर बोललं पाहिजे.

मुलींनी उपाशी राहण्याचा अर्थ यातून काढू नये, याची मला जास्त काळजी वाटते. 1944-45 च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये भीषण उपासमार झाली. ती लहानपणी सोसलेल्या मुलींमध्ये पुढे स्तनाचा कर्करोग कमी झाला नाही, उलट वाढलेला दिसला. आपल्या देशात 15 ते 19 वयाच्या मुलींपैकी 59 टक्क्यांना रक्ताक्षय आहे, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी सांगते. त्यांच्या ताटातून काही काढण्याआधी त्यात डाळ, पालेभाजी, फळ वाढायला हवं. उलट दिशेचीही एक नोंद आहे: लहानपणी अंगानं भरलेल्या मुलींना पुढे हा धोका थोडा कमी असल्याचं अनेक अभ्यासांत दिसतं. म्हणून मुलीला मुद्दाम जाड करायचं नाही, कारण मोठेपणी वाढलेलं वजन पाळी गेल्यानंतर नेमका हाच धोका वाढवतं आणि मधुमेहही सोबत आणतं. पण चौदा वर्षांच्या गुटगुटीत पोरीला कर्करोगाची भीती घालून डाएटवर बसवण्याला कसलाच आधार नाही.

बारावी झाली, मुलगी इंदूर सोडून पुण्याला नाहीतर बंगळुरूला गेली, की आई म्हणते, आता माझ्या हातात काय राहिलं? नर्सेसच्या त्याच अभ्यासात तरुणपणातले तंतूही मोजले होते आणि तिथेही दिवसाला 10 ग्रॅम जास्त खाणाऱ्यांमध्ये धोका 13 टक्क्यांनी कमी दिसला. किशोरवय आणि तारुण्य मिळून ज्यांची सरासरी सर्वांत जास्त होती, त्यांच्यात तो सर्वांत कमी असलेल्यांपेक्षा 25 टक्क्यांनी कमी होता. हॉस्टेलच्या खोलीत हरभरे भिजत घालायला एक वाटी आणि रात्रभराचं पाणी पुरतं, आणि सकाळी ते वाफवायला छोटा इलेक्ट्रिक कुकर.