चिन्ह चुकलं की डीटी मोठा?

हवेचा रोध धरून पडणाऱ्या वस्तूचं सिम्युलेशन चालवलं, की कधी कधी वेग फुगत जातो आणि शेवटी 'इन्फ' (अनंत) किंवा 'नॅन' (संख्याच नाही) छापलं जातं. बहुतेक वेळा एक तर रोधाचं चिन्ह चुकलेलं असतं, नाहीतर डीटी, म्हणजे दोन पायऱ्यांमधला वेळ, फार मोठा असतो. आलेख वरवर बघून दोन्हींत फरक कळत नाही, म्हणून चूक चिन्हाची असली तरी लोक डीटीच कमी करत बसतात.

टेबल टेनिसचा चेंडू घेऊ: 2.7 ग्रॅम, व्यास 40 मिमी. रोध गुणांक 0.5 आणि हवेची घनता 1.2 किलो प्रति घनमीटर धरली, तर क, म्हणजे वेगाच्या वर्गाला ज्याने गुणलं की रोधाचं त्वरण मिळतं तो आकडा, सुमारे 0.14 प्रति मीटर येतो आणि अंतिम वेग 8.4 मी/से. वरची दिशा धन, पद्धत साधी ऑयलरची: नवा वेग = जुना वेग + त्वरण × डीटी.

चुकीची ओळ अशी असते: त्वरण = −ग − क × वेग × वेग (ग म्हणजे गुरुत्वाचं त्वरण, 9.8). वर्ग कायम धन, त्यामुळे रोध कायम खालीच. चेंडू वर जात असताना हे बरोबरच आहे, म्हणून वर फेकून केलेली चाचणी शिखरापर्यंत बिनबोभाट पास होते. खाली येताना मात्र हवाच त्याला ढकलू लागते. चेंडू नुसता सोडला आणि डीटी 0.01 सेकंद ठेवला, तर 1 सेकंदाला वेग 19 मी/से दिसतो. निर्वातातसुद्धा तो 9.8 असायला हवा! ही एक ओळ पुरेसा पुरावा आहे. गणिताने हा वेग 1.34 सेकंदांना अनंत होतो. डीटी कितीही बारीक करा, स्फोट त्याच सुमारास होणार. उपाय: वेग × |वेग|.

आता सूत्र बरोबर, पण चेंडू 30 मी/से ने खाली मारलाय आणि डीटी 0.5 आहे. वेग असे येतात: −30, +27.9, −31.4, +32.7, −46.7. एका पायरीत रोध इतका लागू होतो की चेंडू थांबण्याऐवजी उलटा फिरतो. क × |वेग| × डीटी साधारण 1 च्या वर गेलं की ही उलटापालट सुरू होते, साधारण 2 च्या वर गेलं की आकडे वाढत सुटतात. डीटी 0.05 केला की सगळं शांत.

शेवटचा आकडाही बोलका असतो. चिन्हाच्या चुकीत सगळं एकाच दिशेने वाढतं, म्हणून शेवट उणे इन्फवर. डीटीच्या चुकीत उणे इन्फमध्ये अधिक इन्फ मिळवलं जातं, आणि त्याचं उत्तर नॅन. (पायथनमध्ये साध्या संख्येचा वर्ग दोन ताऱ्यांनी केला असेल, तर त्याआधीच ओव्हरफ्लोची एरर येते, गुणाकार लिहिला की इन्फ मिळतं.)

पहिल्याच ओळीत नॅन आलं, तर दोन्ही निर्दोष. द्विमितीय कोडमध्ये दिशा काढायला वेगाला त्याच्याच परिमाणाने, म्हणजे दिशा सोडून उरणाऱ्या आकड्याने, भागलेलं असतं, आणि सुरुवातीला ते शून्य असतं. भागाकार काढून टाका, रोधासाठी −क × परिमाण × वेगाचा (आडवा किंवा उभा) घटक एवढंच लिहा.