शौलाने राखलेली मेंढरं आणि श्रद्धेचा बचाव

धर्मग्रंथातलं क्रौर्य श्रद्धेच्या आधारावर समर्थनीय ठरतं का, या वादात देवाच्या हुकमावरून पोटच्या मुलाचा बळी द्यायला निघालेल्या अब्राहामाचं नाव आधी निघतं. पण तिथे सुरी शेवटी थांबते. जुन्या करारात पहिल्या शमुवेलाच्या १५व्या अध्यायात ती थांबत नाही. शत्रू असलेल्या अमालेकी लोकांचा समूळ नाश करण्याचा देवाचा हुकूम इस्राएलच्या शौल राजाला मिळतो: पुरुष, बायका, तान्ही मुलं, गुरं, मेंढरं, उंट, गाढवं, सगळं. शौल माणसं मारतो. त्यांचा राजा अगाग आणि धष्टपुष्ट जनावरं मात्र राखतो. हुकूम आणणारा संदेष्टा शमुवेल येतो, मेंढरांचं बें-बें त्याच्या कानी पडतं आणि शौल उघडा पडतो. राज्य जातं ते या राखण्यापायी. मुलं मारल्याबद्दल चकार शब्द नाही.

हे खटकणारे आपणच पहिले नव्हे. तालमूद या यहुदी धर्मचर्चेच्या ग्रंथात खुद्द शौल हुज्जत घालतो: मोठ्यांनी पाप केलं असेल, पोरांचा काय गुन्हा? फार नीतिमान होऊ नकोस, एवढं म्हणून आकाशवाणी त्याला गप्प करते. ही दटावणी झाली, उत्तर नव्हे. तरी प्रश्न पुसून टाकला नाही, याचं मोल मला अधिक वाटतं. पुढे १२व्या शतकातल्या एका यहुदी धर्मसंहितेने कुठल्याही युद्धाआधी तहाचा प्रस्ताव बंधनकारक केला, अगदी ईश्वरी आज्ञेच्या युद्धाआधीही. मूळ अध्यायात तहाचं नाव नाही. हुकूम शाबूत, धार बोथट.

ख्रिस्ती परंपरेत दुसऱ्या शतकात एका गटाने जुना करारच नाकारला आणि तो पाखंडी ठरला. बाकीच्यांनी रूपकाचा आसरा घेतला: शत्रू म्हणजे मनातले विकार. सोयीचं आहे, पण विकारांना तान्ही मुलं कशी असतील?

१७९८ मध्ये एका जर्मन तत्त्वज्ञाने सरळ लिहिलं की, मुलाला मारू नये हे अब्राहामाला पक्कं ठाऊक होतं. आवाज देवाचाच आहे हे नव्हतं. १८४३ मध्ये एका डॅनिश लेखकाने उलट टोक गाठलं: श्रद्धेपुढे नीती तात्पुरती बाजूला राहू शकते. पण त्याचा अब्राहाम एकटा आहे, भयाने थरथरणारा. दोनच वर्षांनी अमेरिकेत गुलामगिरीवरून बाप्टिस्ट या ख्रिस्ती पंथात फूट पडली. दक्षिणेतल्या समर्थकांच्या हाती बायबलची वचनं होती, थरकाप कुठेच नव्हता.

विसाव्या शतकात बचाव बदलला. इस्राएलचा सेनापती यहोशवा याने तट कोसळल्यावर यरीहो शहरात संहार केला, असं जुना करार सांगतो. १९५०च्या दशकातल्या तिथल्या उत्खननात यहोशवाच्या मानल्या जाणाऱ्या काळातली तटबंदी सापडली नाही, तेव्हा ‘असा संहार झालाच नसावा’ हा युक्तिवाद पुढे आला. शंबूकवध खटकला की उत्तरकांड प्रक्षिप्त म्हणतात, तसंच हे. प्रक्षिप्त असेलही. पण हत्या घडली का, हा इतिहासाचा प्रश्न; ग्रंथ तिला पुण्य मानतो, त्याचं काय? १९२७ मध्ये महाडला मनुस्मृती जाळणाऱ्यांनी असल्या वकिलीत वेळ घालवला नाही. शौलाचा अध्याय मात्र आजही पुरीम या यहुदी सणाच्या आधीच्या शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या पवित्र दिवशी, दरवर्षी सिनेगॉगमध्ये (यहुदी प्रार्थनास्थळात) मोठ्याने वाचला जातो.