जीवाणूंद्वारे गंजलेल्या लोखंडी वस्तूंचे स्थिरीकरण

लोखंडी वस्तूवरचा अस्थिर गंज खरवडून न काढता, लोहाचे क्षपण करणाऱ्या, म्हणजे लोहाला इलेक्ट्रॉन देणाऱ्या, जीवाणूंकडून त्याचे जागच्या जागी स्थिर खनिजांत रूपांतर घडवून आणण्याची संवर्धनपद्धती. उत्खननात सापडलेल्या किंवा समुद्रातून वर काढलेल्या वस्तूंसाठी ही पद्धती विकसित होत असून तिचे स्वरूप अद्याप मुख्यतः प्रायोगिक आहे. कोकण किनाऱ्यावरील सागरी किल्ल्यांच्या तोफा, तोफगोळे, दरवाजांचे खिळे व बिजागऱ्या, गलबतांचे नांगर अशा लोखंडी वारशाचा विचार करताना तिची माहिती असणे अगत्याचे आहे. मात्र त्यांपैकी कोणत्या वस्तूंना ती लागू पडेल आणि कोणत्यांना नाही, हा भेद काटेकोरपणे करावा लागतो.

ऑक्सिजन आणि पाणी एवढ्यावरही लोखंड गंजते, पण किनाऱ्यावर त्यांच्या जोडीला मीठ येते आणि खरा घात तेच करते. धातू विरघळू लागला की त्याच्या पृष्ठभागाशी धन विद्युत्‌भार साचतो व तो तोलण्यासाठी बाहेरचे क्लोराइड आयन गंजाच्या थरातून आत, थेट धातूपर्यंत ओढले जातात. वस्तू मातीत किंवा पाण्यात असेपर्यंत हा साठा बराचसा निद्रिस्त राहतो. ती बाहेर काढून हवेत ठेवली, की आतील लोह क्लोराइडाचा ऑक्सिजनशी संयोग होऊन अकागानाइट हे खनिज तयार होते. त्याच्या स्फटिकरचनेतील पोकळ्यांत क्लोराइड अडकून राहते आणि हळूहळू सुटत पुन्हा धातू पोखरते. गंज मूळ धातूपेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापत असल्याने थर आतून फुगतो, तडे जातात, पापुद्रे सुटतात, आणि दमट दिवसांत पृष्ठभागावर तपकिरी थेंब पाझरलेले दिसतात. शेकडो वर्षे जमिनीत टिकलेली वस्तू वर आल्यानंतर थोड्याच वर्षांत चुरा होते, ती यामुळे.

क्लोराइडयुक्त लोखंड किती कोरड्या हवेतही गंजत राहते याची कल्पना ब्रिस्टल येथील एसएस ग्रेट ब्रिटन या जहाजावरून येते. १८४३ साली पाण्यात उतरवलेल्या या लोखंडी जहाजाचा खालचा भाग आज सुमारे २० टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या बंदिस्त हवेत जपला जातो. कोकणात वर्षाला सरासरी २,५०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, जून ते सप्टेंबर या काळात आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहते आणि खारा वारा तर बाराही महिने असतो. उघड्या बुरुजावरील तोफेसाठी कोरडी हवा हा उपाय येथे संभवतच नाही.

ओतीव लोखंडाची अवस्था याहून नाजूक असते. समुद्राच्या पाण्यात दीर्घकाळ पडून राहिलेल्या ओतीव तोफेतील लोह निघून जाते आणि मागे कार्बनच्या ग्रॅफाइट रूपाची जाळी उरते. तोफेचा आकार, कडे, अक्षरे सारे जसेच्या तसे दिसते, परंतु बाहेरचा थर चाकूने कापता येईल इतका मऊ झालेला असतो. अशा वस्तूवर तारेचा ब्रश किंवा छिन्नी चालवणे म्हणजे तिचा मूळ पृष्ठभागच काढून टाकणे होय. गंजाचा थर ही घाण असून ती निघाली की खरी वस्तू दिसेल, हा समज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात पुरातन लोखंडाचा मूळ आकार, घडाईच्या खुणा आणि कोरलेली अक्षरे बहुधा त्या थरातच शिल्लक असतात. जीवाणूंच्या पद्धतीचे महत्त्व याच मुद्द्यावर ठरते.

रूढ उपचारांत वस्तू सोडियम हायड्रॉक्साइडाच्या द्रावणात बुडवून क्लोराइड बाहेर काढतात. १९७५ साली पुढे आलेल्या अल्कधर्मी सल्फाइट पद्धतीत ऑक्सिजन शोषून घेणारे सल्फाइटही त्या द्रावणात मिसळले जाते. मोठ्या तोफांसाठी सौम्य विद्युत्‌प्रवाहाने क्षपण करण्याची पद्धत आहे. या सर्व पद्धती उपयुक्त आहेत, पण द्रावण पुन:पुन्हा बदलावे लागते, उपचार महिनोन्‌महिने आणि मोठ्या वस्तूंच्या बाबतीत वर्षानुवर्षे चालतो व दाहक सांडपाणी मोठ्या प्रमाणावर निर्माण होते. पर्यायाचा शोध सुरू झाला तो या अडचणींमुळे.

काही जीवाणू ऑक्सिजन नसलेल्या जागी श्वसनासाठी फेरिक लोहाचा, म्हणजे गंजातील अधिक ऑक्सिडीभूत लोहाचा, उपयोग करतात. अन्नाच्या विघटनातून मिळालेले इलेक्ट्रॉन ते पेशीच्या बाह्य आवरणातील सायटोक्रोम या प्रथिनांमार्फत गंजाच्या कणांकडे पोचवतात, त्यामुळे फेरिक लोहाचे फेरस या अधिक विद्राव्य रूपात क्षपण होते. जिओबॅक्टर आणि शेवानेला या प्रजातींतील ही क्षमता १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात स्पष्ट झाली. कोकणातील भातखाचरांत हीच क्रिया दर पावसाळ्यात घडते. आवणीनंतर पाणी साचून राहिले की मातीतील ऑक्सिजन संपतो, जीवाणू जांभ्याच्या लाल मातीतील फेरिक लोहाकडे वळतात, चिखलाचा रंग राखाडी होत जातो आणि लोहाला बांधलेले फॉस्फेट मोकळे होऊन भाताच्या मुळांना मिळते. बांधाच्या कडेने झिरपणाऱ्या पाण्यावर दिसणारा तेलासारखा तवंग व तांबूस साका हा विरघळलेल्या त्या लोहाचा, हवा लागताच पुन्हा झालेला गंज असतो.

संवर्धनात हे क्षपण केवळ पहिली पायरी आहे, कारण सुटे झालेले फेरस लोह द्रावणात वाहून गेले तर वस्तूचे नुकसानच होईल. म्हणून द्रावणात फॉस्फेटची योजना करतात. फेरस लोह व फॉस्फेट यांच्या संयोगातून व्हिव्हियानाइट हे अल्पविद्राव्य खनिज गंजाच्या थरातच आकार घेते; परिस्थितीनुसार मॅग्नेटाइट (लोह ऑक्साइड) किंवा सिडेराइट (लोह कार्बोनेट) हेही तयार होते. फॉस्फेटच्या या गुणाची साक्ष निसर्गातही मिळते. हाडे व सेंद्रिय कचरा असलेल्या ओल्या मातीत गाडली गेलेली लोखंडी वस्तू पुष्कळदा निळसर व्हिव्हियानाइटच्या आवरणाखाली उत्तम स्थितीत सापडते. दिल्लीच्या लोहस्तंभाच्या टिकाऊपणाचे एक प्रमुख कारणही त्यातील फॉस्फरसचे अधिक प्रमाण व त्यातून पृष्ठभागावर बनलेला फॉस्फेटयुक्त पातळ थर हे मानले जाते. त्या स्तंभाला कोकणासारखी खारी हवा मात्र सोसावी लागलेली नाही.

या विषयातील पायाभूत प्रयोग स्वित्झर्लंडमधील न्यूशातेल विद्यापीठात एडिथ जोसेफ आणि पिलार जुनिए यांच्या गटांनी केले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात डेसल्फिटोबॅक्टेरियम हाफनिएन्स या जीवाणूचे दोन वाण तपासण्यात आले. क्लोराइडच्या उपस्थितीतही ते अकागानाइटचे क्षपण करू शकले. गंजवलेल्या लोखंडी पट्ट्यांवर टीसीई १ या वाणाने ८० टक्के पृष्ठभाग व्हिव्हियानाइटच्या एकसंध थराने झाकला, तर एलबीई या वाणाला तेच १० टक्के पृष्ठभागावर साधले. एकाच जातीच्या दोन वाणांमधील हा फरक ध्यानात घेण्याजोगा आहे, कारण योग्य वाणाची निवड ही या उपचाराची निम्मी बाजू ठरते. टीसीई १ वापरून प्रत्यक्ष पुरातन वस्तूंवर केलेल्या प्रयत्नात व्हिव्हियानाइट आणि मॅग्नेटाइट दोन्ही मिळाले. हा जीवाणू ऑक्सिजनविरहित वातावरणातच वाढत असल्याने त्याची हाताळणी किचकट असते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात हवाईजवळच्या लोइही या सागरी ज्वालामुखीवरून मिळालेला शेवानेला लोइहिका वापरला गेला. तो ऑक्सिजन असताना व नसतानाही वाढतो आणि खाऱ्या पाण्याचा रहिवासी आहे. दोन आठवड्यांच्या उपचारानंतर पट्ट्यांवरील अस्थिर थराच्या ८१ टक्के भागाची जागा लोह फॉस्फेट व लोह कार्बोनेट यांनी घेतली.

जीवाणूंचा लोखंडाशी संबंध नेहमी हितकारक असतो असे मुळीच नाही. खाड्यांतील व कांदळवनांतील चिखलाला काळा रंग येतो तो सल्फेटचे क्षपण करणाऱ्या जीवाणूंनी निर्माण केलेल्या लोह सल्फाइडामुळे. हेच जीवाणू रुतलेले नांगर आणि साखळ्या पोखरतात, आणि अशी वस्तू बाहेर काढल्यावर सल्फाइडाचे ऑक्सिडीकरण होऊन सल्फ्यूरिक आम्ल तयार होऊ शकते. त्यामुळे खाडीतला चिखल वस्तूला थापून हा उपचार साधेल, अशी कल्पना करणे घातक आहे. उपचारासाठी निवडक शुद्ध वाण, मोजून बनवलेले द्रावण आणि प्रयोगशाळेतील देखरेख अपरिहार्य असते.

कोकणापुरते पाहता खिळे, कड्या, कोयंडे, बिजागऱ्या, बाणांची टोके, लहान तोफगोळे अशा भांड्यात बुडवता येणाऱ्या आणि नंतर संग्रहालयाच्या कपाटात राहणाऱ्या वस्तू या पद्धतीस सर्वांत अनुकूल आहेत. उघड्यावरील तोफांची गोष्ट वेगळी आहे. अलिबागजवळच्या कुलाबा किल्ल्यावर चाकांच्या गाड्यावर उभ्या असलेल्या, यॉर्कशरच्या लो मूर कारखान्यातील तोफांसारख्या टनावारी वजनाच्या वस्तू ऑक्सिजनविरहित द्रावणात ठेवणे व्यवहार्य नाही. शिवाय व्हिव्हियानाइट ऊन आणि हवा यांच्या संपर्कात सावकाश ऑक्सिडीभूत होऊन गडद निळा पडतो, त्यामुळे उपचारित वस्तूवर मेणाचा किंवा रेझिनचा संरक्षक लेप लागतोच. थरात खोलवर दडलेल्या क्लोराइडाचे काय होते हा प्रश्नही वेगळा हाताळावा लागतो. जीवाणू अकागानाइट फोडतात, पण मोकळे झालेले क्लोराइड धुऊन काढल्याखेरीज उपचार पुरा झाला असे म्हणता येत नाही. जंजिऱ्याच्या कलालबांगडीसारख्या, परंपरेने पंचधातूची समजल्या जाणाऱ्या तोफांबाबत आधी धातूची खात्री करावी लागते, कारण हा उपचार केवळ लोखंडाच्या गंजासाठी आहे.

खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग व सिंधुदुर्ग या सागरी किल्ल्यांचा २०२५ साली मराठा लष्करी भूप्रदेशांच्या मालिकेतून जागतिक वारसा यादीत समावेश झाला. तटबंदीच्या दुरुस्तीला मिळणारे लक्ष तेथील लोखंडालाही मिळावयास हवे. तोफ झुडपांतून शोधून गाड्यावर चढवण्याचे मोठे काम दुर्गप्रेमी संस्था आस्थेने करतात. त्यानंतर तिच्यावर काळा तैलरंग फासला, तर क्लोराइड रंगाखाली कोंडले जाऊन गंज आतल्या आत वाढत राहतो आणि पुढील कोणत्याही उपचारासाठी प्रथम तो रंग उतरवावा लागतो. संरक्षित स्मारकातील तोफेवरील प्रत्येक कामासाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची, किंवा स्मारक राज्य संरक्षित असल्यास राज्याच्या पुरातत्त्व विभागाची, परवानगी आवश्यक असते. समुद्रातून किंवा खाडीतून जाळ्यात आलेली लोखंडी वस्तू उन्हात वाळवू नये. तज्ज्ञांपर्यंत पोचेतो तिला धुण्याचा सोडा मिसळलेल्या गोड्या पाण्यात पूर्ण बुडवून ठेवावे, पाणी अधूनमधून बदलावे आणि ती कोठे, किती खोलीवर मिळाली याची नोंद तिच्याबरोबर द्यावी.