रोमाने-कोंती

रोमाने-कोंती हा फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतातील व्होन-रोमाने गावालगतचा द्राक्षमळा असून, केवळ पिनो न्वार या एकाच जातीच्या द्राक्षांपासून होणारी त्याची तांबडी वाइन जगातील सर्वांत महागड्या वाइनमध्ये गणली जाते. मळ्याचे क्षेत्र अवघे १.८१ हेक्टर, म्हणजे साडेचार एकरांच्याही आत आहे. पूर्वेकडे हलका उतार असलेली ही जमीन चुनखडीवर पसरलेल्या चिकणमातीची असून पाण्याचा निचरा उत्तम होतो. मध्ययुगात ती सँ-व्हिव्हाँ मठाकडे होती. १७६० मध्ये कोंतीच्या राजपुत्राने ती विकत घेतली आणि फ्रेंच राज्यक्रांतीत ती जप्त होऊन लिलावात गेली.

मळ्याच्या इतिहासातील खरा कसोटीचा काळ मात्र विसाव्या शतकातला आहे. एकोणिसाव्या शतकात मुळांवर जगणाऱ्या फिलॉक्सेरा या किडीने युरोपातील बागा उद्ध्वस्त केल्यानंतर बहुतेक ठिकाणी या किडीला दाद न देणाऱ्या अमेरिकी खुंटांवर कलमे बांधली गेली. रोमाने-कोंतीत मात्र जमिनीत कार्बन डायसल्फाइड हे कीडनाशक रसायन सोडून, मोठा खर्च सोसून, स्वमुळांवरच्या जुन्या वेली जपल्या गेल्या. दुसऱ्या महायुद्धात हे रसायन मिळेनासे झाले आणि वेली खंगत गेल्या. १९४५ चे पीक इतके तुटपुंजे आले, की त्यातून सुमारे ६०० बाटल्याच निघाल्या. त्यानंतर वेली उपटल्या गेल्या आणि १९४७ मध्ये कलमी वेलींची नवी लागवड झाली. १९४६ ते १९५१ या वर्षांची रोमाने-कोंती अस्तित्वातच नाही. १९४५ ची वाइन मूळ वेलींची अखेरची आणि अत्यंत दुर्मीळ; २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात तिची एक बाटली ५,५८,००० डॉलरना गेली.

ही वाइन मुरण्यासाठीच घडवली जाते. उत्पादन मुद्दाम कमी राखले जाते, घड बव्हंशी देठांसकट आंबवले जातात आणि वाइन नव्या ओकच्या पिंपांत ठेवली जाते. कोवळेपणी ती काहीशी मिटलेली, गंध-चव न खुललेली वाटते. चांगल्या वर्षाच्या बाटलीला किमान पंधरा-वीस वर्षे देणे हेच योग्य. काळानुसार तिचा रंग विटकरीकडे झुकतो, द्राक्षांच्या साली-बिया-देठांतून उतरणाऱ्या टॅनिनचा तुरटपणा निवतो आणि ताज्या फळांच्या गंधाची जागा सुकलेल्या गुलाबपाकळ्यांचा, ओल्या पाचोळ्याचा व मसाल्यांचा गंध घेतो. तिचे सामर्थ्य दाटपणात नसून या गंधाच्या जिभेवर दीर्घकाळ रेंगाळण्यात आहे. गडद, भरगच्च वाइनची सवय असलेल्यांना पहिल्या घोटात ते जाणवतेच असे नाही.