श्री आणि १३ बाइट

कोकणातल्या एका तालुक्याच्या वाचनालयाची ग्रंथसूची मी पुण्यात बसून सांभाळतो. सांभाळतो म्हणजे काय, तर तिथल्या संगणकावरची सूची आठवड्यातून एकदा माझ्या घरच्या लिनक्स यंत्रावर उतरवून घेतो. लाखभर नोंदी, सगळ्या एकाच साध्या मजकुराच्या फाइलीत, आकार ५५ एमबी. पहिल्यांदा मागवली तेव्हा तिथल्या मोबाइल नेटवरून यायला सव्वा तास लागला. मधल्या काळात अण्णांनी, म्हणजे वाचनालयाच्या कार्याध्यक्षांनी, फाइल उघडून पाहिली. पहिल्या ओळीत ‘श्री’ नाही हे बघून हळहळले आणि स्वतःच्या हातानं घातला. पावसामुळे आठवडाभर दुसरी नोंद काही झाली नाही. पुढच्या रविवारी तीच फाइल वीस सेकंदांत आली. अण्णांचा लगेच फोन: “बघितलंस? श्री घातला नि काम मार्गी लागलं!”

अण्णा वयानं मोठे, मी हो म्हटलं. पण खरं सांगायचं तर त्या ‘श्री’नं काम अवघड करून ठेवलं होतं. ते सोपं केलं फाइलीतला फक्त बदललेला भाग पाठवणाऱ्या ‘आरसिंक’ नावाच्या एका फुकट, मुक्तस्रोत कमांडनं.

अवघड कसं? संगणकात देवनागरीचं एकेक चिन्ह अक्षरं साठवायच्या यूटीएफ-८ पद्धतीत तीन बाइट (संगणकात साठवलेले छोटे आकडे) खातं. ‘श्री’ दिसायला एक अक्षर, पण आत चार चिन्हं: श, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी. झाले १२ बाइट. ओळ संपल्याची खूण एक बाइट. एकूण १३. हे १३ बाइट सुरुवातीलाच घुसल्यामुळे मागचे साडेपाच कोटी बाइट १३ घरं पुढे सरकले. आता दोन फाइली शेजारी ठेवून ‘पहिला तुकडा पहिल्याशी, दुसरा दुसऱ्याशी’ अशी तुलना केली, तर एकही जोडी जमणार नाही. पंगतीत सुरुवातीलाच एक माणूस वाढला की प्रत्येकाचं पान बदलतं, तसं. माणसं मात्र तीच.

त्यात दोन्ही फाइली शेजारी नाहीतच. जुनी पुण्यात, नवी कोकणात. फरक काढायला नवी इकडे आणायची, तर मग फरक काढायचाच कशाला?

हा पेच ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी १९९६ साली सोडवला. दोघं कॅनबेऱ्याच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत होते. ट्रिजेल म्हणजे विंडोज आणि युनिक्स यांच्यात फाइलींची देवघेव करून देणारं ‘सांबा’ लिहिणारे तेच. त्यांची युक्ती अशी. ज्याच्याकडे जुनी प्रत आहे (इथे मी), त्यानं तिचे सारख्या लांबीचे तुकडे पाडायचे. आजचं आरसिंक मोठ्या फाइलीसाठी तुकड्याची लांबी साधारण फाइलीच्या आकाराच्या वर्गमुळाइतकी घेतं. माझ्या फाइलीचे सुमारे ७,४०० बाइटचे सुमारे ७,४०० तुकडे झाले. प्रत्येक तुकड्याचे दोन ठसे, म्हणजे त्यातल्या बाइटांवरून हिशेब करून आलेल्या छोट्या संख्या, काढायचे, एक झटपट निघणारा कच्चा आणि एक मेहनतीचा पक्का, आणि फक्त ठसे पलीकडे पाठवायचे. तुकड्यामागे दोन्ही मिळून फार तर २० बाइट, म्हणजे सगळे मिळून दीड लाख बाइट.

पलीकडचं यंत्र आता नव्या फाइलीत हे तुकडे शोधतं, तेही कुठल्याही जागी. शून्याव्या बाइटपासून ७,४०० बाइटची खिडकी धरून ठसा काढ, जुळला नाही तर एक बाइट सरक, पुन्हा काढ. प्रत्येक सरकण्याला ७,४०० बाइटांची बेरीज नव्यानं करायची तर उजाडेल! खरी कलाकुसर इथेच आहे, आणि ती कागदावर करून बघता येते.

पाच आकड्यांची खिडकी घ्या: ३, ७, २, ९, ४. बेरीज २५. पण नुसत्या बेरजेला क्रम कळत नाही. ७, ३, २, ९, ४ चीही २५च. म्हणून दुसरी, वजनदार बेरीज: पहिल्याला ५ नं गुणा, दुसऱ्याला ४ नं, असं करत शेवटच्याला १ नं. १५ + २८ + ६ + १८ + ४ = ७१. क्रम बदललेल्या खिडकीची येते ७५. आता खिडकी एक घर सरकली: ३ बाहेर, ६ आत. नवी साधी बेरीज २५ – ३ + ६ = २८. आणि वजनदार? ७१ मधून बाहेर गेलेल्याचे पाचपट, म्हणजे १५, वजा करा आणि नवी साधी बेरीज २८ मिळवा. ८४. विश्वास नसेल तर ७, २, ९, ४, ६ वर सगळे गुणाकार करून पाहा, ८४च येतील. उरलेल्या प्रत्येक आकड्याचं वजन एकेकानं वाढायला हवं होतं, आणि ‘सगळ्यांना एकेकदा मिळवणं’ म्हणजेच साधी बेरीज मिळवणं! खिडकी पाचाची असो वा ७,४०० ची, सरकायला तेवढीच मोजकी बेरीज-वजाबाकी.

दोन्ही बेरजांना ६५,५३६ नं भागून बाकी ठेवायची आणि शेजारीशेजारी लिहायच्या, की ३२ बिटांचा कच्चा ठसा तयार. तो ४२९ कोटी प्रकारचा असू शकतो, पण भरवशाचा नाही, दोन वेगळ्या तुकड्यांचा सारखाही येऊ शकतो. म्हणून कच्चा जुळला तरच पक्का काढायचा. पक्क्यासाठी मूळ आराखड्यात एमडी-४ नावाचं ठसा काढायचं सूत्र होतं, नंतर एमडी-५ आलं. माझ्या बाबतीत खिडकी १३ वेळा सरकली, चौदाव्या जागी पहिला तुकडा सापडला आणि तिथून पुढे सलग सगळे. पडद्यावर आकडेवारी आली: लिटरल डेटा (म्हणजे जसाच्या तसा पाठवावा लागलेला मजकूर), १३ बाइट. बाकी सगळं ‘तुझ्याकडचा अमुक तुकडा वापर’ एवढ्या निरोपांवर भागलं.

ट्रिजेल-मॅकेरास यांनी त्या वेळी लिनक्स कर्नलच्या (लिनक्स प्रणालीच्या गाभ्याच्या) दोन आवृत्त्यांवर हे तपासलं होतं. २४ एमबीची फाइल ५०० बाइटच्या तुकड्यांनी जुळवताना दोन्ही दिशांची मिळून सव्वादोन एमबीच्या आसपास वाहतूक झाली. हल्ली कुठल्याही ॲपच्या जाहिरातीत ‘एआय-आधारित स्मार्ट सिंक’ असतं. त्यांना विचारावं, एक अक्षर बदललं तर किती बाइट जातात?

अर्थात आरसिंक म्हणजे रामबाण नव्हे. वर्डची डॉक्स फाइल आतून झिप, म्हणजे दाबून लहान केलेली असते. तिच्यात एक शब्द बदलला की पुढचे दाबलेले बाइट बदलतात आणि तुकडे जुळत नाहीत. एकाच संगणकावर, डिस्कवरून पेनड्राइव्हवर कॉपी करताना तर आरसिंक ही युक्ती वापरतच नाही. मूळ फाइल बदललेली दिसली की सरळ अख्खी उतरवतं. बदलली की नाही, हे ते एरवी फक्त आकार आणि वेळ पाहून ठरवतं. फाइल बदलल्या क्षणीच कळायला हवं असेल तर लिनक्सच्या कर्नलमध्ये २००५ पासून ‘आयनोटिफाय’ आहे. त्यावर कान लावून बसणारी ‘आयनोटिफायवेट’ ही छोटी कमांड आरसिंकच्या जोडीला छान चालते.

आणि मूळ जागी नसलेल्या फाइली प्रतीतूनही पुसणारा आरसिंकचा ‘डिलीट’ हा पर्याय जपून. एकदा बाहेरची डिस्क जोडलेलीच नव्हती, मूळ फोल्डर रिकामं दिसलं, आणि आरसिंकनं माझा बॅकअपही तितकाच इमानदारीनं रिकामा केला. तेव्हापासून आधी ‘ड्राय रन’ (काहीही न बदलता नुसती तालीम), मग खरं.

गेल्या रविवारी अण्णांनी सूचीच्या अगदी शेवटी ‘शुभं भवतु’ घातलं. आठ चिन्हांचे २४, मधली जागा एक आणि ओळीची खूण एक, म्हणजे २६ बाइट. पण पडद्यावर लिटरल डेटा तीन हजारांच्या वर! फाइलीचा शेवटचा तुकडा उरलासुरला, अर्ध्या मापाचा असतो आणि तो फक्त फाइलीच्या शेवटालाच जुळवून पाहिला जातो. आता तिथे ‘शुभं भवतु’ बसलेलं, त्यामुळे तो अख्खा तुकडा पुन्हा आला. हे अण्णांना अजून सांगितलेलं नाही.